सुरतेला पाण्यावरून जायचं तर

कागदावर तापी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० आहे. २०१६ च्या कायद्यानं देशातल्या शंभराहून अधिक नद्या-खाड्यांना हा मान दिला. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतचे तापीचे ४३६ किलोमीटरही आले. प्रत्यक्षात वाटेत उकाईचं धरण आहे, त्याखाली काकरापारचा बंधारा आहे आणि सुरतेत शिरता शिरता सिंगणपोरचा कॉजवे आडवा आहे. भुसावळला होडीत बसून सुरतेला उतरू म्हणणाऱ्याला निदान या तिन्ही ठिकाणी होडी डोक्यावर घ्यावी लागेल.

हा तपास करायची वेळ भाचीमुळे आली. ती अमेरिकेत असते आणि तिला नदीवरच्या सहलींची चटक लागली आहे. मिसिसिपीवर न्यू ऑर्लीन्सहून मोठ्या सहलबोटी सुटतात. रात्र बोटीवर काढायची, सकाळी काठावरच्या एखाद्या जुन्या मळेवाल्याच्या हवेलीशी थांबायचं, पांढऱ्या खांबांच्या पडव्या नि झुंबरं पाहायची आणि जेवायला परत बोटीवर. लुइझियानात हे मळे बहुतेक उसाचे, वर नॅचेझच्या बाजूला कापसाचे. कष्ट सगळे गुलामांचे. पुष्कळ वर्षं या हवेल्यांत पाहुण्यांना मालकीणबाईंचा पियानो दाखवत आणि मागच्या झोपड्यांबद्दल गप्प बसत. २०१४ साली व्हिटनी नावाचा मळा उघडला, तो मात्र सरळ गुलामांच्या बाजूनं सगळी कथा सांगतो. २०२५ च्या मे महिन्यात नॉटोवे ही सगळ्यांत मोठ्या हवेल्यांपैकी एक जळाली, तेव्हा तिथं काहींना हळहळ वाटली आणि काहींनी उघड समाधान व्यक्त केलं.

‘मामा, आपल्याकडे असं नदीतून जाऊन बघण्यासारखं काय आहे?’ असं तिनं विचारलं. मी सुरत म्हटलं. तिला वाटलं, शिवाजी महाराजांच्या लुटीमुळे म्हणतोय. ते होतंच, पण माझ्या मनात त्याआधी कापूस होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि त्या मळ्यांतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. पश्चिम हिंदुस्थानातल्या आखूड धाग्याच्या कापसाला तिथले व्यापारी सरसकट ‘सुरत’च म्हणत. धागा तुटायचा, कचरा फार असायचा, त्यामुळे तिथले कामगार या कापसाला मनापासून शिव्या घालत. पण दुसरा मिळत नव्हता. मुंबईत कापसाचे भाव भडकले, गुजरात आणि खानदेशच्या शेतात पैसा आला आणि त्या पैशावर सट्टा उभा राहिला. त्या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद हा जन्मानं सुरतेचा. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईच्या कित्येक पेढ्या झोपल्या. प्रेमचंदांनी दिलेल्या पैशातून मुंबई विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. त्यांच्या आईच्या नावावरून त्याला राजाबाई टॉवर म्हणतात. नॅचेझची हवेली आणि फोर्टातला तो मनोरा एकाच हिशेबाच्या दोन बाजूंना आहेत.

तर आता प्रवासाचं. सुरतेला नदीतून उतरण्याचा बेत चारशे वर्षांपूर्वीही सोपा नव्हता. तापीच्या मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे, त्यामुळे मोठं गलबत शहरापर्यंत येतच नसे. इंग्रजांचं ‘हेक्टर’ हे जहाज ऑगस्ट १६०८ मध्ये आलं तेव्हा बाहेरच नांगरलं आणि विल्यम हॉकिन्स होडीनं आत गेला. नंतर उत्तरेला सुवाळीला बरा आसरा सापडला. १६१२ च्या नोव्हेंबरात तिथंच टॉमस बेस्टनं पोर्तुगीजांना हटवलं आणि पुढल्या वर्षी इंग्रजांची वखार सुरतेत पक्की झाली. १६१५ साली टॉमस रो हा राजदूत सुवाळीलाच उतरला आणि उतरल्या उतरल्या झडतीवरून अधिकाऱ्यांशी त्याचं वाजलं. सुवाळीला माल उतरवायचा, बैलगाड्यांनी किंवा लहान होड्यांनी शहरात न्यायचा, जकात भरायची आणि मग कोठीत ठेवायचा. पाऊस संपल्यावर जहाजं येत, थंडी संपायच्या सुमारास परतत. म्हणून जानेवारीत शहर पैशानं आणि मालानं भरलेलं असे.

आज शहराशी खरा अडसर भरती-ओहोटीचा आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर फार मोठं. सिंगणपोरचा कॉजवे १९९५ पासून नदीचे दोन तुकडे करून बसला आहे. वर साठवलेलं गोडं पाणी, खाली खारं. किल्ला आणि जुनं शहर खालच्या तुकड्यात येतात, आणि ओहोटीला तिथं काठाशी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब इथं तसाच लावू नये, सुरतेची भरती मुंबईच्या बरीच मागून येते. मिसिसिपीसारखी, रात्र बोटीवर काढून सकाळी हवेलीच्या धक्क्याला लागायची सोय तापीवर नाही. ज्याला पाण्याचीच हौस आहे त्यानं हजिऱ्याहून घोघ्याची रो-पॅक्स फेरी घ्यावी. ती नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्यानं ३७० किलोमीटरचा वळसा पडतो, तो आखात ओलांडून वाचतो. गाडीसकट चढता येतं. वेळापत्रक हवामानावर हलतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

आमचा बेत मग असा ठरला, की शहर जमिनीवरून पाहायचं, पण क्रम नदीचा ठेवायचा. पाण्यातून येणारा माणूस ज्या क्रमानं गेला असता, त्या क्रमानं.

पहिला मुक्काम चौकबाजारचा किल्ला. पोर्तुगीजांनी १५३० साली सुरत आणि समोरच्या काठचं रांदेर दोन्ही जाळलं, त्यानंतर गुजरातच्या सुलतानाच्या हुकमानं खुदावंदखानानं १५४० च्या दशकात हा बांधला. कोपऱ्यांवर चार गोल बुरूज, एका अंगाला नदी. अकबरानं १५७३ साली वेढा घालून तो घेतला. महानगरपालिकेनं अलीकडे त्याची नेटकी डागडुजी करून आत दालनं मांडली आहेत. दालनं चांगली आहेत, थोडी जास्तच चकचकीत आहेत. मला तिथं जी गोष्ट सगळ्यांत ठळक हवी होती ती सिद्दीची.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो आणि गोष्ट तिथंच संपते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून आलेल्या या लोकांपैकी पुष्कळांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले होते. मिसिसिपीकाठी त्याच खंडातली माणसं पिढ्यानपिढ्या मळ्यात राबली. इकडे त्यांच्यातलेच काही सरदार झाले, त्यांनी किल्ले धरले. शिवरायांशी झुंज चालू असतानाच जंजिऱ्याचे सिद्दी औरंगजेबाच्या चाकरीत गेले, मोगली आरमाराचे प्रमुख झाले आणि त्यांचा तनखा सुरतेच्या महसुलातून ठरला. पुढे अठराव्या शतकात सुरतेचा हा किल्लाच सिद्दीच्या हातात आला आणि १७५९ साली इंग्रजांनी तो घेतला, तो सिद्दीकडून. त्यानंतर बरीच वर्षं किल्ल्याच्या वेगवेगळ्या बुरुजांवर मोगलांचं आणि इंग्रजांचं अशी दोन निशाणं फडकत. १८०० साली सुरतेच्या नबाबाचा कारभारही इंग्रजांनी आपल्याकडे घेतला. भाचीला ही गोष्ट पुन्हा सांगावी लागली. गुलाम म्हणून आणलेल्यांचा वारस बादशहाचा दर्यासारंग होतो, हे अमेरिकेत वाढलेल्या तिच्या मुलांना खरंच वाटेना. अर्थात सगळे सिद्दी सरदार झाले नाहीत. गुजरातेत आजही सिद्दींची गावं आहेत, आणि ती गरिबांची आहेत.

किल्ल्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मुगलसराई आहे. शाहजहानच्या काळात, १६४४ साली हकीकतखानानं ती बांधली, ती व्यापाऱ्यांसाठी आणि हजच्या यात्रेकरूंसाठी. हिंदुस्थानातून मक्केला जाणारा मोठा ओघ सुरतेवरूनच जायचा, म्हणून नानपुऱ्याच्या बाजूच्या घाटाला आणि पुलाला अजून मक्काई म्हणतात. सराईत १८६७ पासून नगरपालिकेचं कार्यालय आहे. आजही तिथं घरपट्टीच्या फायली हलतात. इमारत वापरात राहिली म्हणून वाचली, हे मान्य. पण पाहायला गेलेल्यानं शिपायांच्या नजरा सोसायची तयारी ठेवावी.

आता लूट. जानेवारी १६६४ मध्ये ६ ते १० तारखेपर्यंत महाराजांचं सैन्य बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ देऊन होतं. शहराला तेव्हा मातीचीच भिंत होती, विटांची पक्की भिंत नंतर आली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर वाऱ्यावर सोडलं. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्या वाड्यांतून अमाप द्रव्य निघालं. बर्निए हा फ्रेंच प्रवासी लिहितो की डचांचा मरून गेलेला दलाल मोहनदास पारख हा दानशूर माणूस होता, म्हणून त्याचं घर वगळलं, आणि कापुचिन पाद्र्यांच्या मठालाही धक्का लावला नाही. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी बंदुकांच्या बळावर सांभाळल्या. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. सुरतेत या घटनेकडे अर्थातच आपल्यासारखं पाहत नाहीत. तिथल्या जुन्या माणसांशी बोलताना सुभेदार शहर टाकून पळाला या मुद्द्यावर मात्र दोन्हीकडचं एकमत होतं. वीरजी व्होऱ्याचा वाडा आज दाखवता येत नाही. १८३७ साली शहराला आधी मोठी आग आणि त्याच वर्षी महापूर, दोन्हींनी गाठलं. त्यात लाकडी सुरत बहुतेक गेली.

मग सतराव्या शतकातल्या त्या श्रीमंतीचं दर्शन घ्यायचं कुठं? कतारगाम दरवाजाजवळच्या दफनभूम्यांत. इंग्रजांची एक, डचांची एक, तिच्याशेजारी आर्मेनियनांची. हवेली शोधत आलेल्या माणसाला स्मशान दाखवणं विचित्र वाटेल, पण या दोन कंपन्यांनी सुरतेत जे सगळ्यांत भव्य बांधलं ते थडगीच. आणि बांधली पुन्हा मुसलमानी धाटणीची, घुमट, कमानी, दुमजली सज्जे सगळं घेऊन, कारण गवंडी इथले आणि दिपवायचंही होतं इथल्याच लोकांना.

इंग्रजांच्या भागात ऑक्झेंडन भावांची दुमजली कबर आहे. ख्रिस्तोफर १६५९ साली गेला, जॉर्ज १६६९ साली. हा जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे १६६४ ला वखार लढवणारा. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन हजर होता. एका भिंतीच्या सावलीत उभं राहिलं की सुरतेची लूट आणि राज्याभिषेक, दोन्ही टोकं हाताशी लागतात. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिये हाही १६७७ साली सुरतेतच वारला.

डचांच्या भागातली सगळ्यांत मोठी कबर हेंड्रिक अॅड्रियान व्हान रीडची. डच कंपनीतला भ्रष्टाचार तपासायला त्याला आयुक्त म्हणून पाठवलं होतं. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना तो जहाजावरच वारला आणि इथं त्याला पुरलं. कबर अशी, की नबाबही लाजेल. भ्रष्टाचार तपासणाऱ्याच्या थडग्यावर कंपनीनं इतका खर्च करावा यात मला तरी गंमत वाटते. पण आपल्यासाठी त्याचं महत्त्व वेगळंच आहे. कोचीनला असताना त्यानं मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला, तो १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. औषधींची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यानं, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांचा दाखला कोकणीत, देवनागरी अक्षरांत, पहिल्या खंडात छापला आहे. युरोपात देवनागरी छापली गेल्याच्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी हे एक. भव्य घुमट मात्र एकट्या व्हान रीडला मिळाला. इट्टी अच्युतनचं काय, असं त्या घुमटाखाली विचारायला हवं. व्हिटनीच्या मळ्यात झोपड्यांपाशी पाहुणे विचारतात, तसंच.

घरंच पाहायची असतील तर नदी ओलांडून रांदेरला जावं. सुरतेच्याही आधीचं हे बंदर. पुढे एकोणिसाव्या शतकात इथले मुसलमान व्यापारी रंगूनला गेले आणि तिथल्या व्यापारावर श्रीमंत झाले. रंगूनला त्यांची सुरती सुन्नी जामा मशीद आहे, आणि रांदेरच्या गल्ल्यांत त्या पैशातून उठलेली, सागवानी कोरीवकामाची घरं आहेत. बरीच बंद असतात, वारस परदेशी. काही पाडून त्या जागी इमारती चालल्या आहेत. ब्रह्मदेशातून इथल्या जेवणातही काही आलं. नारळाच्या रश्श्यातल्या शेवयांचा खावसा रमझानात रांदेरला रस्त्यावर मिळतो. ही घरं राहती आहेत, म्हणून दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारावं. विचारलं तर बहुतेक वेळा आतही बोलावतात.

आणखी एक जागा मराठी माणसानं पाहावी, तिथं पाहण्यासारखं फार नसलं तरी. डिसेंबर १९०७ चं काँग्रेसचं अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं, ते सुरतेला हलवलं आणि तापीकाठच्या फ्रेंच बागेत भरलं. अध्यक्षपदी रासबिहारी घोष. टिळक व्यासपीठावर उभे राहिले, गोंधळ उडाला, कुणीतरी मराठी जोडा फेकला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. काँग्रेस दुभंगली ती या काठावर. नदीनं वर गेलं तर बारडोली तालुक्यात हरिपुरा लागतं. १९३८ साली सुभाषबाबू अध्यक्ष झाले ते अधिवेशन तिथलं, आणि तेही तापीच्या काठीच.

सुरतेत एका दिवसासाठी उतरणाऱ्याला उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या वस्त्या कुणी दाखवत नाही. खानदेशातून तापीच्या प्रवाहाबरोबर माणसंही खाली आली. यंत्रमागांवर, रंगाईच्या कारखान्यांत लाखो मराठी हात आहेत. रस्त्यावर अहिराणी सहज ऐकू येते आणि महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. वीरजी व्होऱ्याच्या काळात कापड विणणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आजच्या विणकराला भेटायला दुभाष्या लागत नाही. तेव्हा दुपारचा चहा लिंबायतला घ्यावा, असा माझा आग्रह आहे. भाचीच्या मुलांना तिथं त्यांच्या आजीची बोली ऐकू आली, ती कतारगामच्या घुमटांहून जास्त लक्षात राहिली.

काळ म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात उकाईचे दरवाजे उघडले की नदीचा भरवसा नसतो. ऑगस्ट २००६ च्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. थंडीत अडाजणच्या बाजूला काठावर पोंक मिळतो. हा आपला हुरडाच, फक्त शेव आणि लिंबू-मिऱ्याच्या सोबतीनं. घारी खायची तर शरद पौर्णिमेनंतरचा चांदणी पडवा गाठावा. लोचो बारा महिने. मुंबई सेंट्रलहून २६३ किलोमीटर. फ्लाइंग राणी संध्याकाळी सुटते आणि रात्री पोचवते, म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच धरावा. खानदेशातून भुसावळ-नंदुरबार मार्गानं थेट गाड्या आहेत, आणि खिडकीतून तापीचं खोरं दिसत राहतं ते जलमार्ग क्रमांक १०० पेक्षा नक्कीच भरवशाचं.

सकाळी उजाडल्यावर आधी कतारगाम करावं, ऊन चढायच्या आत. दोन्ही दफनभूम्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि वाट गल्लीबोळातून जाते, म्हणून रिक्षावाल्याला ‘डच कबरस्तान’ असं स्पष्ट सांगावं. किल्ल्याला दोन तास पुरतात, रांदेरला संध्याकाळ. वेळ कमी पडला तर किल्ला सोडा, कतारगाम सोडू नका.